रेघेची बाहुली होताना
(द्वितीय वर्ष, कला)

या लेखाचा विषय सांगितला तेव्हा आमच्या मराठी विभागातील मॅडम प्रथम हसल्या. "बाहुल्यांवर अभ्यासलेख?" असे म्हणून त्यांनी चष्मा काढला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिही. पण जे तू स्वतः पाहिलं आणि केलं आहेस, ते आधी लिही, पुस्तकातलं नंतर." त्यांची ही सूचना शिरोधार्य मानून हा लेख लिहीत आहे.

वाचकहो, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या एका औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात, गेली सव्वीस वर्षे प्लास्टिक मोल्डिंगचे काम करतात. मी लहान असताना त्या गाळ्यात बाहुल्यांची डोकी होत. ती गोणीत भरून आमच्या असल्फ्याच्या खोलीत येत आणि माझी आई डझनाच्या हिशेबाने त्यांचे डोळे रंगवी. धड नसलेली, डोळे नसलेली शंभर डोकी घरात पडलेली असताना मी अभ्यास केला आहे. त्यामुळे बाहुली ही लाडाची वस्तू आहे हे मला फार उशिरा कळले. आमच्यासाठी ती मजुरी होती.

गेल्या काही वर्षांत मात्र बाहुलीला निराळेच दिवस आले. २०२५ साली घाटकोपर स्टेशनबाहेर, अंधेरीच्या पुलाखाली, जिकडे पाहावे तिकडे दात विचकणारी, सशाचे कान असलेली 'लाबुबू' पिशव्यांना लटकलेली दिसू लागली. त्यांपैकी बहुतेक नकली असाव्यात. लोक त्यांना 'लाफूफू' म्हणत. हे ध्यान मुळात कासिंग लुंग या हाँगकाँगच्या चित्रकाराने २०१५ साली एका चित्रपुस्तकासाठी काढले होते. २०१९ पासून पॉप मार्ट या चिनी कंपनीने त्याच्या बाहुल्या बंद डब्यांतून विकण्यास सुरुवात केली. आत कोणती बाहुली आहे हे डबा फोडल्यावरच कळते. म्हणजे एका माणसाच्या कागदावरची रेघ हजारो मैलांवरच्या मुलीच्या पिशवीला येऊन लटकली. हे कसे घडते? कागदावरचे चित्र हातात धरण्याजोगी वस्तू कसे होते? आणि तसे झाल्यावर ती वस्तू कोणाची असते? हे प्रश्न मला पडले, आणि ते केवळ पुस्तकी राहू नयेत अशी एक संधीही मिळाली.

सरकाबाईचा जन्म

माझी एक वर्गमैत्रीण मुलुंडहून येते. तिला व्यंगचित्रे काढण्याचा नाद आहे. ए-फोर आकाराच्या एका कागदाला घड्या घालून मध्ये एक काप दिला की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. अशी पुस्तिका ती काढते, झेरॉक्स करते आणि लोकलच्या लेडीज डब्यात पाच रुपयांना देते. पैसे नसतील तर तशीच देते. तिच्यावर नाव नसते. कारण विचारले तर म्हणते, "ज्यांची चित्रं काढते त्यांच्याच डब्यात मला रोज चढायचंय."

या पुस्तिकांची नायिका आहे सरकाबाई. मुंबईकराला 'चौथी सीट' समजावून सांगायला नको. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे, अर्धे अंग बाकावर, अर्धे हवेत. सरकाबाई ही ती चौथी. मांडीवर मोठी पिशवी, केसांना क्लच, कपाळावर घाम. तिच्या तोंडी एकच वाक्य: "जरा सरका ना." कधी ती ते शेजारणीला म्हणते, कधी साहेबाला, कधी रेशनच्या दुकानातल्या रांगेला; एका पुस्तिकेत तर ती ते साक्षात यमराजाला म्हणते.

बिननावाने, बिनपरवाना, स्वतःच्या खर्चाने छापून हातोहात वाटण्याची ही रीत मुंबईला नवी नाही. १९५४ च्या सुमारास निघालेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते, आणि साठच्या दशकात तर अनियतकालिकांची चळवळच उभी राहिली, हे आम्हाला अभ्यासक्रमात आहे. ती वाङ्मयाची चळवळ होती. चित्रांच्या बाबतीत अमेरिकेत असेच घडले. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रंब या व्यंगचित्रकाराचे 'झॅप कॉमिक्स' निघाले. मोठ्या प्रकाशकांना वगळून निघणाऱ्या अशा चित्रपुस्तिकांना तेथे 'अंडरग्राउंड' म्हणू लागले. त्याच अंकातले, लांब पावले टाकत चालणाऱ्या माणसांचे एक चित्र इतके लोकप्रिय झाले की क्रंबला न विचारताच ते सदरे, फलक, गाड्यांचे मडगार्ड अशा असंख्य वस्तूंवर छापले गेले. पुढे १९९९ साली हाँगकाँगमध्ये मायकेल लाऊ या चित्रकाराने आपल्याच चित्रमालिकेतील पात्रांच्या बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या. मुलांनी खेळण्यासाठी नव्हे, तर मोठ्यांनी जपून ठेवण्यासाठी व्हिनाइलच्या बाहुल्या करण्याची जी लाट पुढे आली, तिचा उगम बरेच जण तेथे मानतात.

एके दिवशी माझी मैत्रीण सहज म्हणाली, "सरकाबाईची बाहुली झाली तर?" मी म्हटले, "आमच्या बाबांना विचारू."

चित्राला पाठ नसते

रविवारी ती आमच्याकडे आली. बाबांनी चौदाही पुस्तिका खालीवर करून पाहिल्या. हसले नाहीत. मग त्यांनी विचारले, "हिचा डावा हात कुठाय?"

आम्ही दोघींनी पुन्हा पाने चाळली. चौदा पुस्तिकांत सरकाबाईचा डावा हात एकदाही नव्हता. मैत्रीण तिला नेहमी डब्याच्या मधल्या वाटेतून पाहिल्यासारखी काढते. त्यामुळे डावी बाजू तिच्याच अंगाआड आणि पिशवीआड जाते. "चित्राला पाठ नसते," बाबा म्हणाले, "मोल्डला लागते."

या एका वाक्यात सारा प्रश्न आहे असे मला वाटते. व्यंगचित्रकाराला जे दाखवायचे नाही ते तो कागदावर आणतच नाही. मूर्तीला ती सवलत नाही. मूर्तीत प्रत्येक बाजू कोणाला तरी ठरवावीच लागते.

आपल्याकडचे याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावरील छोट्या चौकटीत हा माणूस दिसू लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, झुबकेदार मिशी, टकलाच्या कडेला उरलेले केस. तो कधी बोलला नाही; नुसता पाहत राहिला. १९८८ साली त्या दैनिकाला दीडशे वर्षे झाली तेव्हा तो टपाल तिकिटावर आला. म्हणजे तोवर तो कागदावरच होता. २००१ साली पुण्यात सिंबायोसिस संस्थेत त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, आणि नंतर मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारीही. वरळीचा पुतळा मी शाळेत असताना पाहिला. सगळे समोर उभे राहून फोटो काढत होते. मी मात्र मागे जाऊन पाहिले, कारण चित्रात मला मागची बाजू कधी नीट दिसली नव्हती. कोटाची पाठ, मानेवरची घडी, धोतराचा मागचा काचा हे सारे वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीतून उचलून कोणा शिल्पकाराने ठरवले होते. आणि दुसरे असे, की कागदावर ज्या काळ्या रेघेने हा माणूस बनला ती रेघ ब्राँझमध्ये नव्हतीच. तरीही तो तोच होता. हे कसे?

बाबांबरोबर काम करताना याचे उत्तर मला थोडे उमगले. व्यंगचित्रात तीन जातींच्या रेघा असतात. पहिली कडेची रेघ. बाहुलीत ती नाहीशी होते, कारण अंग संपते तेथे कड आपोआपच येते. दुसरी आतली रेघ: साडीची चुणी, केसांची बट, डोळ्याखालची सुरकुती. ही कोरावी लागते किंवा रंगवावी लागते. कागदावर ती केसासारखी बारीक चालते, पण बाहुलीत इतकी बारीक कोरली तर रंगाच्या पहिल्याच थराखाली बुजून जाते. तिसरी हालचालीची रेघ: गाडीचा धक्का दाखवणाऱ्या वाकड्या रेषा, उडणारे घामाचे थेंब. या बाहुलीत येऊच शकत नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते शरीराच्या कलण्यातून सांगावे लागते. कॉमन मॅन पुतळ्यातही तोच राहिला तो या हिशेबाने. त्याची ओळख रेघेत जेवढी होती तेवढीच त्याच्या उभे राहण्यात होती.

डाव्या हाताचा प्रश्न मैत्रिणीने घरी नेला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "डाव्या हाताने तिने बाकाची कड घट्ट धरलीय. पडू नये म्हणून नाही. मिळालेली जागा जाऊ नये म्हणून." आठ महिने सरकाबाईला काढणाऱ्या तिलाही हे त्या दिवशीच कळले. बाबांनी विचारले नसते तर कदाचित कळलेही नसते.

व्हिनाइलची कुळकथा

येथे व्हिनाइलची बाहुली कशी होते हे थोडक्यात सांगते, कारण दुकानातून ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ज्याचे पाइप होतात तेच. पण बाहुलीसाठी त्याची भुकटी मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात घोटून दाट पेस्ट करतात. मूळ मूर्ती आधी मातीत किंवा क्लेमध्ये होते, मग तिची मेणातली प्रत. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा किंवा निकेलचा थर चढवतात. हे काम दिवसाचे दिवस चालते. थर पुरेसा जाड झाला की मेण वितळवून काढून टाकायचे. उरतो तो धातूचा पोकळ साचा, आतून मूर्तीचा प्रत्येक बारकावा घेतलेला. गाळ्यात त्याला मोल्ड किंवा डाय म्हणतात.

या मोल्डमध्ये पेस्ट ओतून तो तापवतात. साधारण दोनशे अंशांच्या आसपास पेस्ट साच्याच्या भिंतीला धरते आणि घट्ट होत जाते. एका पद्धतीत मधली पातळ पेस्ट वेळेवर ओतून टाकतात; दुसऱ्या पद्धतीत मोजून पेस्ट घालून मोल्ड बंद करतात आणि भट्टीत दोन दिशांनी फिरवत ठेवतात. मग मोल्ड पाण्यात गार करायचा आणि पीस कोमट असतानाच पकडीने मानेच्या भोकातून ओढून काढायचा. बाहेर येताना डोके चेपते, लांबते, भयंकर दिसते आणि बाहेर पडताच पुन्हा गोल होते. लहानपणी मी हे पाहून टाळ्या वाजवीत असे. या मऊपणामुळेच नाक, कान, हनुवटीखालची खोलगट जागा, म्हणजे गाळ्याच्या भाषेत अंडरकट, एकसंध साच्यातून सुटू शकतो. कडक प्लास्टिकला हे जमत नाही. त्याच कारणाने हातपाय वेगळे काढून, गरम करून, खोबणीत बसवता येतात.

पण मोल्ड महाग असतो. पेस्ट स्वस्त, मोल्ड महाग. म्हणून हजारांनी पीस काढले तरच परवडते. बाबांच्या गाळ्यात डोक्यांचे काम हळूहळू संपले ते या हिशेबापायी. बाहेरून येणारा माल स्वस्त पडू लागला. पुढे सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूत काय मिसळले आहे हे तपासले जावे, यात वावगे काही नाही. उलट तसे व्हायलाच हवे. पण तोवर आमच्या गाळ्यातली भट्टी विकली गेली होती. तेथे आता मशीनचे रबरी बूट आणि नळ्यांची टोपणे होतात.

बारा बाहुल्या

म्हणून सरकाबाई व्हिनाइलची होणे शक्य नव्हते. बाबांनी गणपतीच्या कारखान्यात चालते ती वाट धरली: रबरी साचा आणि त्यात ओतकाम.

तीन रविवार बाबा क्लेमध्ये मूर्ती करीत होते आणि मैत्रीण शेजारी बसून "नाक अजून खाली", "मान एवढी ताठ नको" असे सांगत होती. मूर्ती झाली तेव्हा एकच अडचण उरली. सरकाबाई टेकवली की उजवीकडे पडे. पडणारच, तिचे अर्धे अंग हवेत होते. कागदावर तिला शेजारणींचा आधार होता, येथे ती एकटीच.

मी सुचवले की खाली छोटा बाक करू. मैत्रिणीला ते पटेना. "बाक तिचा नाहीच आहे ना," ती म्हणाली. बाबा बराच वेळ मूर्ती हातात फिरवत बसले. मग उठून त्यांनी ती टीव्हीच्या टेबलाच्या टोकाला, कोपऱ्यावर नेऊन ठेवली. डावा हात टेबलाच्या कडेला अडकवला, पाय खाली सोडले, उजवे अंग बाहेर. डाव्या मांडीत क्ले उकरून दोन लोखंडी नट बसवले. वजन आतल्या बाजूला गेले, आणि सरकाबाई बसली. जगातल्या कोणत्याही टेबलाची ती चौथी सीट झाली. डावा हात सापडला नसता तर ती कधीच बसली नसती, हे येथे नमूद करते.

मग मूर्तीभोवती पुठ्ठ्याची पेटी करून दोन भागांत सिलिकॉन रबर ओतले. पिशवी धरलेला हात कोठे दुभागायचा, हवा बाहेर जायला वाटा कोठे ठेवायच्या, हे बाबांनी पेन्सिलीने आखून दिले. साचा सुटल्यावर आत टाल्कम पावडर भुरभुरून रेझिन आणि हार्डनर मिसळून ओतले. पहिल्या पिसाच्या नाकावर बुडबुडा आला. दुसऱ्यात नट तिरका झाला आणि बाई पुन्हा पडू लागली. तिसरा चांगला निघाला. सांध्यावरची पापुद्र्यासारखी कड पॉलिश पेपरने घासण्याचे काम माझे. डोळे अर्थातच आईने रंगवले. अनेक वर्षांनी तिने ती बारीक कुंची हातात घेतली. दोन ठिपके देऊन ती म्हणाली, "ही वर बघतेय. शेजारणीच्या तोंडाकडे. सरकते का बघतेय." मैत्रिणीने आईचा हात धरला.

खराब झालेले सोडून बारा बाहुल्या झाल्या.

दोन हजारांची ऑर्डर

एक बाहुली बाबांनी गाळ्यात नेऊन आपल्या मशीनच्या कोपऱ्यावर ठेवली. तेथे माल देण्याघेण्यासाठी येणाऱ्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली. किचेनसाठी दोन हजार पीस हवेत म्हणाला. व्हिनाइल दुसरीकडे करून घेऊ, मूळ मूर्ती आणि जुळणी तुमची. फक्त दोन बदल. बाईला नीट, पूर्ण बसवायची, कारण खाली सपाट तळ नसेल तर पॅकिंगला त्रास. आणि तो डावा हात मांडीवर घ्यायचा, कारण बाहेर आलेला हात म्हणजे वेगळा पीस, वेगळी डाय, वेगळा खर्च. बाबांनी विचारले, "चित्र काढणारीला विचारलं पाहिजे ना?" व्यापारी म्हणाला, "झेरॉक्सवर नाव कुठाय कुणाचं? नाव नाही, रजिस्टर नाही, मग हक्क कसला?"

बाबांनी नाही म्हणून सांगितले. घरी येऊन म्हणाले, "पूर्ण बसली तर ती सरकाबाई कशी?" त्या महिन्यात गाळ्यात आठवड्याला चारच दिवस काम होते. मला बाबांचा अभिमान वाटला असे लिहिले तर ते अर्धे खरे होईल. उरलेल्या अर्ध्या मनाने मी त्या रात्री हिशेब करीत होते.

व्यापाऱ्याचे म्हणणे खरे की खोटे हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात १९५७ चा स्वामित्व हक्क कायदा काढून वाचला. त्यातून जे समजले ते असे. आपल्याकडे हा हक्क कृती निर्माण होताच मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. नाव छापलेले नसले तरी हक्क जात नाही. निनावी कृतीलाही प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण आहे. कलम १४ मध्ये तर आमच्याच प्रश्नाचे उत्तर आहे: सपाट चित्राची तीन मितींची वस्तू करणे हाही चित्रकाराच्याच हक्काचा भाग आहे. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राबाबत कलम १७ असे सांगते, की वेगळा करार नसेल तर नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सर्व बाबतींत चित्रकाराचा.

याचा जुना दाखलाही मिळाला. पॉपॉय हा खलाशी एल्झी सेगर या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९२९ साली काढला. त्याच्या बाहुल्या आणि पिना परवानगीविना इंग्लंडमध्ये आणून विकल्या गेल्या. हा दावा पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९४१ साली निकाल लागला, की बाहुली हीदेखील चित्राची नक्कलच आहे, मग ती करणाऱ्याने मूळ चित्र डोळ्यांनी पाहिले असो वा दुसऱ्या बाहुलीवरून केली असो.

मात्र कायद्यात एक खाचही आहे, आणि ती होतकरू चित्रकारांनी ध्यानात ठेवावी. जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगे आहे, पण नोंदवलेले नाही, ते मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रोद्योगाने पन्नासाहून अधिक वेळा वस्तूवर उतरवले, की त्या डिझाइनवरचा स्वामित्व हक्क संपतो. कोणती वस्तू निव्वळ कलाकृती आणि कोणती डिझाइन यावर न्यायालयांत वाद चालतात. पण व्यवहारात धडा सरळ आहे: बारा बाहुल्या हाताने करा, खुशाल करा, दोन हजारांचा विचार करण्याआधी मात्र नोंदणीचा विचार करा.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने मैत्रिणीला सांगितले, आणि बाबांनी ऑर्डर कशी नाकारली तेही. मला वाटले ती आनंदेल. ती गप्प झाली. मग म्हणाली, "काका चांगलंच वागले. पण मला विचारायला हवं होतं."

मी चकित झाले. "तू काय हो म्हणणार होतीस?"

"माहीत नाही. कदाचित नाही म्हटलं असतं. कदाचित म्हटलं असतं, हात ठेवा, तळ सपाट करा. पण ते मी म्हणायला हवं होतं ना?"

कलम १४ मी तिला वाचून दाखवले होते, पण त्याचा अर्थ तिने मला समजावला. होकाराचा हक्क ज्याचा, नकाराचा हक्कही त्याचाच. व्यापारी तिला विसरला होता हे मला लगेच दिसले. तिच्या बाजूने उभे राहताना आम्हीही तिला विसरलो होतो, हे दिसले नव्हते. बाबांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा चहा देऊन म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं." ती संकोचून गेली.

समारोप

या अभ्यासातून माझ्या पदरी जे पडले ते थोडक्यात मांडते. व्यंगचित्रातले पात्र बाहुली होते तेव्हा ते नुसते मोठे वा जाड होत नाही. त्याची न काढलेली बाजू नव्याने निर्माण होते. ती बाजू चित्रकार एकटा निर्माण करीत नाही. साचा करणारा प्रश्न विचारतो, डोळे रंगवणारी नजर देते. पण पात्र कोणाचे, हे या सर्वांच्या श्रमाने बदलत नाही. ते ज्याने प्रथम रेघ ओढली त्याचे; आणि म्हणून जे काही करायचे ते त्याला विचारून. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. श्रमाला श्रेय द्यावे आणि हक्काला विचारावे.

मैत्रिणीने पंधराव्या पुस्तिकेवर प्रथमच आपली सही केली. "आता डब्यात काय म्हणतील?" असे मी विचारले, तर म्हणाली, "म्हणतील, जरा सरक." बाहुल्यांच्या खालच्या बाजूला, जेथे टेबलाला टेकते तेथे, तिने क्रमांक घातले, आपले नाव घातले आणि त्याखाली 'साचा' आणि 'डोळे' असे लिहून आई-बाबांची नावे घातली. बाबा म्हणाले, "मोल्डवर मोल्डवाल्याचं नाव कधी कुणी घालत नाही." आई काही बोलली नाही. पण बाहुली उलटी करून तिने ते दोनदा वाचले.

बारावी सरकाबाई आमच्या घरी टीव्हीच्या टेबलाच्या टोकाला बसली आहे. सकाळी झाडलोट करताना आई तिला पडेल या भीतीने आत सरकवते. संध्याकाळी घरी आले की मी तिला पुन्हा कडेला आणून बसवते.